नाहूरच्या कुबड्या माशाच्या मागावर

एव्हरेस्ट सर झाल्याची हवा त्या वर्षांत अजून ताजी होती. आमच्या मुलुंडच्या गल्लीतला जो तो कुठल्या ना कुठल्या सुळक्यावर चढायला निघाला होता. आम्ही चौघं मात्र उलट्या दिशेने निघालो. आम्हाला चिखलात उतरायचं होतं, नाहूरच्या मिठागरांपलीकडच्या खाजणात, आणि तिथून आणायचा होता एक वाकडा मासा!

हा मासा आमच्या घरात शिरला तो स्वयंपाकघराच्या दाराने. आईने मासेवालीकडून बोईट घेतले होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर चक्क कुबड होतं. आई त्याला हळद-मीठ लावणार इतक्यात माझी धाकटी बहीण सुहासिनी किंचाळली आणि तिने तो ताटातून उचलून नेला. ती अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. तिने त्याचं तोंड उघडलं तर आत बारीक, तीक्ष्ण दातांची रांग! आता बोईटाला असे दात कुठे असतात? रात्रंदिवस पुस्तकं चाळून ती या निष्कर्षाला आली की हा मासा आजवर कुणी पाहिलेलाच नाही. त्याला नाव द्यायचं तेही तिने ठरवून टाकलं. आमच्या अण्णांचं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, आदल्याच वर्षी गेले होते. सुहासला माशांचं वेड लावलं ते त्यांनी, आणि तेही जेवणाच्या पानावर. "काटा अख्खा निघाला पाहिजे," असं ते म्हणायचे. "मध्येच मोडला तर माशाचा आणि रांधणारीचा, दोघांचाही अपमान!" आम्ही भावंडं पाटावर बसून डोक्यापासून शेपटीपर्यंतचा कणा न मोडता उचलायची शर्यत लावत असू. जिंकायची नेहमी तीच.

तर सुहासने आपलं टिपण शहरातल्या एका निसर्गमंडळाच्या सभेत वाचलं. तिथे प्रोफेसर जयवंत अध्यक्ष होते. मत्स्यशास्त्रात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी बरणी डोळ्यांसमोर धरली, फिरवली आणि खाली ठेवली.

"बाई, हा नवा मासा नाही. हा आजारी मासा आहे. बोईटाचा कणा वाकला, त्यात जबडाही बिघडला, म्हणून तुम्हाला दात दिसले."

सभागृह खो खो हसलं. मी मागच्या बाकावर होतो, माझे कान तापले. प्रोफेसर पुढे म्हणाले, "पुढच्या सभेत दुसरा नमुना आणा. नाहीतर टिपण मागे घ्या." सुहास घरी आली ती जेवलीच नाही. मी ऑफिसातला साधा कारकून, मला मासा फक्त खाण्यापुरता कळतो. पण माझ्या बहिणीला लोक हसले हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "चल, आणू दुसरा. खाजण काय, पाताळातून आणू!"

मोठ्या तोंडाने बोलून गेलो खरा, पण मला पोहता येत नव्हतं.

मासेवालीने सांगितलं, तो मासा लवूच्या जाळ्यातला. लवू मूळचा मालवणकडचा. परळच्या गिरणीत बरीच वर्षं काढून आता नाहूरच्या मिठागरावर मुकादम झाला होता. त्याची स्वतःची लहानशी होडी होती. चौथा गडी म्हणजे माझा शाळासोबती विद्याधर. घाटकोपरात हाडांचा डॉक्टर. तो सुहासच्या बाजूने यायला निघाला होता असं मात्र नाही.

"प्रोफेसर बरोबर असणार," तो तिला तोंडावर म्हणाला. "एवढ्याशा चिरेत सांगतो. कापू का?"

"माझ्या माशाला हात लावायचा नाही, डॉक्टर!"

"बरं बाई. मी आपला पाहुणा म्हणून येतो. सुरी खिशात ठेवतो."

अमावास्या होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी ओहोटी सकाळी लागणार आणि उन्हं चढताना पाणी परत फिरणार, असा लवूचा हिशेब. उजाडता उजाडता आम्ही मिठागराच्या धक्क्यावरून होडी सोडली. सुहासने माझी खाकी पँट घालून वर कमरेला पट्टा आवळला होता. ते पाहून आईने घरून निघतानाच कपाळाला हात लावला होता. होडीत काचेच्या बरण्या, फॉर्मॅलिन, भाकऱ्यांचं गाठोडं, पाण्याचा हंडा आणि लवूचा तवा. तवा कशाला, असं मी विचारलं.

"मासे धरूक जातंव नां?" लवू म्हणाला. "मग तवो नको?"

धुकं दाट होतं. दोन्ही बाजूंनी तिवरांची झाडी पाण्यावर ओणवी झालेली, तिच्या मुळांत चिंबोऱ्या खुडबुडत होत्या, आणि कुठे तरी चिखलात एखादा बगळा पाय उचलून पुन्हा तिथेच ठेवत होता. एवढ्या शहराच्या इतक्या जवळ इतकं गप्प रान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढे खाडीला फाटे फुटले. एकासारखा एक! लवू एका फाट्यात शिरला, थांबला, माघारी आला. दुसऱ्यात शिरला, तिथे कुणी रोवलेल्या खुंटांची रांग आडवी आली. पाणी तर भराभर उतरत होतं. तिसऱ्या फाट्यात घुसलो आणि खर्रर्र! होडीचा तळ कालवांच्या खडकावर घासला. फटीतून पाण्याची चिळकांडी उडाली!

"सदरो काढ!" लवू ओरडला.

मी सदरा काढला. तो माझा ऑफिसचा चांगला सदरा होता. लवूने तो फटीत कोंबला आणि टाचेने ठोकला. विद्याधर डब्याने पाणी उपसत होता, सुहास काठीने होडी रेटत होती. शेवटी पडीक मिठागराचा एक जुना बांध धुक्यातून वर आला आणि होडी त्याच्या कुशीला जाऊन चिखलात रुतली. पाठोपाठ खाडीतलं उरलंसुरलं पाणीही निघून गेलं. आता भरती येईपर्यंत होडी हलणार नव्हती आणि आम्हीही.

बांधापासून थोड्या अंतरावर एक डोह दिसत होता. ओहोटीतही त्यात पाणी राहायचं आणि लवूला तो मासा तिथेच मिळाला होता. मध्ये मात्र काळाभोर, चकचकीत चिखल. लवूने काठी खुपसली ती मुठीपर्यंत आत गेली. एका बाजूने कालवांचा टणक पट्टा वळसा घेऊन डोहापर्यंत गेला होता. आम्ही त्यावरून एकामागून एक, पाय जपत निघालो. विद्याधरची चप्पल फाटली आणि त्याचा तळवाही. तो स्वतःलाच शिव्या देत पट्टी बांधून पुढे आला.

लवूने पाग खांद्यावर घेतला, अंगाला एक झोका दिला आणि जाळं हवेत गोल उघडून डोहावर पडलं. ओढलं तर आत चांदीची नुसती सळसळ! सुहास गुडघ्यावर बसली. बोटं भराभर चालू लागली.

"हा नाही. हा नाही. हा... दादा! कुबड!"

पुन्हा पाग पडला. पुन्हा एक कुबड्या. आणि मग तिसरा! प्रत्येकाच्या तोंडात दात. तिने तिन्ही जिवापाड जपून बरणीत घातले. तिचे डोळे असे चमकत होते की मला अण्णांच्याच डोळ्यांची आठवण झाली.

"आता म्हणा आजारी! एक आजारी असेल, सगळे कसे असतील?"

"एका वस्तीत आजार सगळ्यांना होतो," विद्याधर म्हणाला. "माझ्याकडे एका चाळीतली तीन पोरं मुडदुसाची येतात."

"तुम्ही गप्प बसा हो!"

जाळ्यात दहा-बारा सरळ मासेही होते. सुहासने त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "हे साधे बोईट. लवू, घ्या तुम्हाला." लवूचा चेहरा खुलला. त्याने ते टोपलीत टाकले आणि आम्ही विजयी वीरांसारखे बांधावर परतलो.

भरतीला अवकाश होता. भूक तर अशी लागली होती की विचारू नका. लवूने तीन दगड मांडले, वाळक्या तिवरांची काटकं पेटवली, मासे साफ करून तिखट-मीठ चोळलं आणि तवा चढवला. तो चुर्रर्र आवाज आणि तो वास! खाजणाच्या मधोमध, अंगभर चिखल, पण आम्ही भाकरीवर मासा घेऊन जणू लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. सुहासने सवयीने डोक्यापासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं आणि अख्खा काटा उचलून फडक्यावर ठेवला. मीही ठेवला. माझाही मोडला नाही! शेवटचा मासा तव्यावर राहिला होता, तो मी मागून घेतला.

तेवढ्यात लवू केकाटला.

"आवशीचो घोव! मासो चावलो माका!"

तो माशाचं डोकं चोखत होता. ओठातून रक्ताचा थेंब आला होता.

विद्याधर हसून म्हणाला, "तळलेला मासा चावेल कसा रे? काटा लागला असेल."

"काटो खंयचो! दात आसत ह्येका! बोईटाक दात असतत?"

सुहासचा घास हातातच राहिला. तिने लवूच्या हातातलं डोकं घेतलं आणि जबड्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या पुढ्यातलं डोकं उचललं. मग विद्याधरच्या. सगळ्यांत तीच बारीक, तीक्ष्ण रांग! तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"हे बोईट नव्हतेच," ती हळूच म्हणाली. "हे तेच होते. कुबडाच्या नादात मी दात बघितलेच नाहीत, दादा. आपण पुरावा खाऊन टाकला!"

लवूने तवा पालथा करून पाहिला, जणू खाली एखादा लपला असेल. आणि शेवटचा मासा मागून घेणारा मीच!

सुहासने बरणी पुढे ओढली. तिने एक कुबड्या मासा बाहेर काढला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि तो विद्याधरपुढे ठेवला.

"चिरा, डॉक्टर."

"नक्की?"

"नक्की. काय ते आत्ताच कळू दे."

विद्याधरने सुरी काढली. आता मात्र तो थट्टा करत नव्हता. पाठीवरून हलकी चीर देऊन त्याने मांस बाजूला केलं आणि कणा उघडा केला. सुहासने फडक्यावरचा आपला सरळ काटा त्याच्या शेजारी ठेवला. दोघंही वाकून मणके मोजू लागले. दोन्हींत अगदी तितकेच! फक्त कुबडाच्या जागी तीन मणके एकमेकांत घुसले होते, पोळ्यांच्या चवडीवर कुणीतरी बसावं तसे.

"कुबड हा आजारच," विद्याधर म्हणाला. "पण दात आजाराचे नाहीत. सरळ माशालाही आहेत. म्हणजे प्रोफेसर अर्धे चुकले."

"आणि मी अर्धी," सुहास म्हणाली. "नवी जात नाहीच ही. असा दातवाला, सरळ मासा मी पुस्तकातल्या एका चित्रात पाहिलाय. पण तो पूर्वेकडच्या खाड्यांतला. आपल्या किनाऱ्यावर त्याची नोंदच नाही." तिने तो सरळ काटा परत फडक्यावर ठेवला. "पण त्याला नाव आधीच आहे रे दादा. अण्णांचं नाव गेलं."

मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण माझे हात तेलकट होते. मी म्हटलं, "अगं वेडे, अण्णांनी शिकवलेला काटाच तर कामाला आला! तो मोडला असता तर काय मोजलं असतंस?"

तिने डोळे पुसले आणि ती ताडकन उठली. "सरळ मासा हवा. न शिजवलेला, अख्खा. वाकड्या माशावर ते पुन्हा हसतील. डोहात अजून असतील!"

आम्ही वळून पाहिलं. भरती लागली होती! कालवांचा तो टणक पट्टा पाण्याखाली गेला होता आणि डोहाच्या काठावर पाण्याचे पहिले धागे चढत होते. एकदा खाडी डोहात मिसळली की मासे गेले. उरला होता तो मधला काळा चिखल. आणि त्या दिवसानंतर सभेपूर्वी अशी ओहोटी पुन्हा मिळणार नव्हती.

"फळी," लवू म्हणाला. त्याने होडीतली बसायची फळी उचकटली. "पोटार पडान सरकत जावचा. पण जो हलको, तोच जातलो."

तिघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. सुहासने तोवर होडीचा दोर कमरेला बांधलासुद्धा!

"सुहास, नको!"

"दादा, दोर धर."

ती फळीवर पालथी पडली. पायांनी चिखल मागे लोटत, हातजाळी दातांत धरून, ती निघाली. फळी सरपटत होती. दोर माझ्या हातातून सरकत होता. विद्याधरने त्याचं दुसरं टोक तिवराच्या खोडाला गुंडाळलं. ती डोहाच्या काठाला पोचली. जाळी पाण्यात! रिकामी. पुन्हा जाळी! रिकामी. पाणी चढत होतं. तिसऱ्यांदा तिने हात खांद्यापर्यंत आत घातला आणि जाळी उचलली. आत चांदीसारखं काहीतरी उसळत होतं! तिने मासा हातात घेतला, बोटाने त्याचं तोंड उघडलं. या वेळी ती विसरली नव्हती.

"दात आहेत! दादा, सरळ आहे आणि दात आहेत!"

आनंदाच्या भरात ती गुडघ्यावर उठली. तिथेच घात झाला! फळी कलंडली. सुहास कमरेपर्यंत चिखलात गेली. फळी दोराला अडकून उलटली, गाठ सुटली आणि मोकळा दोर माझ्या हातात आला. मरेन पण तो क्षण विसरणार नाही.

"उभी राहू नकोस!" विद्याधर गरजला. "आडवी हो! छाती चिखलावर टेक!"

ती आडवी झाली. पाणी तिच्या कोपरांना लागलं. मी दोर गोळा करून फेकला. तोकडा पडला! पुन्हा फेकला. तो तिच्या हाताशी पडला.

"दोन्ही हातांनी धर!"

"मासा आहे हातात!"

"सोड तो मासा! खड्ड्यात गेला मासा!"

तिने माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. आणि तो जिवंत, फडफडता मासा शेपटीकडून दातांत पकडला! मग दोन्ही हातांनी दोर.

आम्ही ओढलं. चिखल सोडेना. पुन्हा ओढलं. माझे पाय बांधावरून घसरू लागले. तेवढ्यात मागून लवूचा आवाज आला, "हो, हो, इलंय!" भरतीने होडी उचलली होती! माझा सदरा फटीत कोंबलेला, पाणी आत झिरपतंय, तशीच ती होडी लवूने काठीने रेटत तिच्याजवळ नेली. त्याने तिच्या पट्ट्याला हात घातला, आम्ही इकडून दोर ताणला, आणि चिखलाने मोठ्ठा आवाज करत माझ्या बहिणीला सोडून दिलं. ती होडीत पडली. अंगभर काळी, फक्त डोळे पांढरे, आणि तोंडात चमचमता मासा!

मी बांधावर मटकन बसलो आणि रडलो. विद्याधर ओरडत होता, "झकास, सुहासिनीबाई! झकास!" ती काही बोलू शकत नव्हती. लवूने बरणी पुढे केली तेव्हा कुठे तिने दात उघडले.

परतीला भरतीच आमच्या पाठीशी होती. आम्ही पाणी उपसत, गाणी म्हणत नाहूरच्या धक्क्याला लागलो. माझा सदरा होडीतच राहिला. लवूने तो पुढे कित्येक महिने काढला नाही म्हणे.

निसर्गमंडळाच्या सभेला त्या वेळी बसायला जागा नव्हती. सुहासला आता ‘कुबडीबाई’ म्हणत, ती काय आणते ते पाहायला लोक लोटले होते. सुहासने टेबलावर तीन वस्तू मांडल्या: कुबड्या मासा, चिरून उघडा केलेला त्याचा जोडीदार आणि सरळ मासा. मग स्वच्छ आवाजात सांगितलं, "कुबडाबद्दल माझी चूक झाली. तो आजार आहे, मी सुचवलेलं नाव मागे घेते. पण हा मासा बोईट नाही. आपल्या किनाऱ्यावर त्याची ही पहिली नोंद आहे."

प्रोफेसर जयवंतांनी भिंग घेतलं. बराच वेळ ते जबडा पाहत राहिले. शेजारच्या जाड पुस्तकातलं चित्र पाहिलं, पुन्हा जबडा. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"दात आहेत. कणा सरळ आहे. बाई, नोंद तुमची. माझे शब्द मी मागे घेतो."

मी टाळी वाजवायला हात उचलले, पण प्रोफेसरांनी भिंग पुन्हा उचललं होतं.

"एक राहिलं. शेपटीच्या वर या दोन्ही बाजूंना खोल खुणा दिसतात, अर्धवर्तुळात. ही कोणती विकृती? हाडापर्यंत गेलीय का?"

सुहासच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने मागच्या बाकाकडे, आमच्याकडे पाहिलं. विद्याधर रुमालात तोंड लपवून गदगदत होता. लवू नवी टोपी सावरत छाती काढून बसला होता.

"विकृती नाही, सर," ती म्हणाली. "ते माझे दात आहेत."

सभागृह पुन्हा खो खो हसलं. या वेळी सगळ्यांत मोठ्याने सुहास हसत होती.